कन्सल्टंट नावाचा कामगार

आपल्या समाजातील मुलगा किंवा मुलगी आयटी कंपनीत लागली की वस्तीत आजही पेढे वाटले जातात, आणि ते वाटलेच पाहिजेत. ज्यांचे आजोबा गिरणीत, रेल्वेच्या गँगमध्ये नाहीतर नगरपालिकेच्या सफाई खात्यात राबले, त्यांची नातवंडे गळ्यात ओळखपत्र अडकवून हिंजवडी, खराडी, ऐरोलीच्या काचेच्या इमारतींत शिरतात, हे काही आपोआप घडलेले नाही. परंतु त्या काचेच्या आत नेमके काय चालते, हे पेढा खाणाऱ्याला ठाऊक नसते आणि वाटणाऱ्यालाही नसते. बाप अभिमानाने सांगतो, "पोरगा कन्सल्टंट आहे." कन्सल्टंट म्हणजे सल्लागार. पंचवीस वर्षांचा हा सल्लागार अमेरिकेतल्या बँकेला कोणता सल्ला देतो, असे विचारले तर बाप गप्प बसतो. पोराला विचारले तर तोही हसून विषय बदलतो, कारण त्याला आजवर कोणी सल्ला विचारलेलाच नसतो.

आम्ही वकिली करतो, त्यातही कामगारांची. पूर्वी आमच्याकडे येणारे पक्षकार म्हणजे कंत्राटी सफाई कामगार, निलंबित एसटी वाहक, बंद पडलेल्या कारखान्यातले फिटर. गेल्या काही वर्षांत त्यांच्या शेजारी बाकावर पाठीला लॅपटॉपची बॅग लावलेली मंडळीही दिसू लागली आहेत. सफाई कामगार दारातूनच मोठ्याने बोलू लागतो. आपल्यावर अन्याय झाला हे त्याला पक्के माहीत असते. ही बॅगवाली मंडळी मात्र दबक्या पावलांनी येतात, शक्यतो रात्री आठनंतर, आणि पहिला प्रश्न विचारतात, "सर, हे कंपनीला कळणार तर नाही ना?" दुसरा प्रश्न असतो, "आम्ही कामगार कायद्यात बसतो का?" या दुसऱ्या प्रश्नाकडे आम्ही येऊच. आधी ही मंडळी दिवसभर करतात काय, ते पाहिले पाहिजे.

या धंद्याला नाव कन्सल्टिंगचे असले तरी त्यात प्रामुख्याने विकला जातो तो माणसाचा वेळ. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस १९६८ साली मुंबईत सुरू झाली, इन्फोसिस १९८१ साली पुण्यात. सुरुवातीच्या काळात इथले इंजिनीअर विमानात बसवून परदेशी ग्राहकाकडे पाठवले जात. या पद्धतीला धंद्यातले लोकच 'बॉडी शॉपिंग' म्हणत, म्हणजे देहांची दुकानदारी. पुढे उपग्रहाची व समुद्राखालच्या केबलची जोडणी आली, सन २००० उजाडताना जगभरचे संगणक कोलमडतील ही 'वायटूके'ची धास्ती आली, आणि माणूस तिकडे पाठवण्याऐवजी काम इकडे येऊ लागले. देह इथे राहिला, त्याचे तास तिकडे विकले जाऊ लागले.

हिशेब समजावा म्हणून एक उदाहरण धरू. समजा, परदेशी ग्राहकाला एका इंजिनीअरचे तासाला २५ डॉलर लावले. दिवसाचे ८ तास आणि महिन्याचे २० दिवस धरले तर झाले ४ हजार डॉलर. डॉलर ८५ रुपयांनी धरला तरी ही रक्कम ३ लाख ४० हजार रुपये होते. त्या इंजिनीअरच्या हातात पडतात, समजा, चाळीस हजार. मधले सगळे मालकाच्या खिशात जाते असे आम्ही म्हणणार नाही. इमारत, वीज, बस, ग्राहक गाठणारी विक्रीची माणसे, काम नसताना बसून असलेले लोक, यांचा खर्च त्यातूनच भागतो. परंतु नफाही त्यातूनच निघतो, आणि तो वाढवायचा सोपा मार्ग म्हणजे खालच्या पायरीवर नवख्यांची गर्दी ठेवायची व वरची महागडी माणसे कमी करत राहायची. मोठ्या कंपन्यांत नवख्या इंजिनीअरला वर्षाला साडेतीन लाखांच्या आसपास मिळतात. दहा-पंधरा वर्षांपूर्वीही हा आकडा तीन-सव्वातीन लाखांच्या घरातच होता. तेवढ्या काळात वाकडच्या खोलीचे भाडे आणि मेसचा डबा कुठे गेला, हे तिथे राहणाऱ्या कोणत्याही पोराला विचारावे. शिवाय हा साडेतीन लाखांचा आकडा 'सीटीसी'चा असतो. त्यात मालकाने भरायचा भविष्यनिर्वाह निधी, बहुधा ग्रॅच्युइटी आणि विम्याचा हप्ताही मोजलेला असतो. घरचे लोक त्या आकड्याला बाराने भागून कर्जाचा हप्ता ठरवतात आणि पहिल्या महिन्यात बँकेतली रक्कम पाहून पोरावरच संशय घेतात. असे संशय आमच्या टेबलापर्यंत आलेले आहेत!

विकलेल्या तासांचा हिशेब ठेवायला टाइमशीट असते. गिरणीत मस्टर होते, तशी ही टाइमशीट. कोणत्या दिवशी, कोणत्या ग्राहकाच्या, कोणत्या कामावर किती तास घालवले, हे त्यात प्रत्येकाने स्वतः भरायचे. ती वेळेवर भरली नाही तर वरून मेलवर मेल येतात, कारण तिच्यावरच ग्राहकाचे बिल निघते. कंपनीच्या दृष्टीने माणसांच्या जाती दोनच, बिलेबल आणि नॉन-बिलेबल. (तिसरी जातही आहे, तिच्याकडे पुढे येऊ.)

जो बिलेबल नाही तो 'बेंच'वर. शहरातला मजूर नाका वाचकांनी पाहिलेला आहे. सकाळी सातला हातात थापी नाहीतर रंगाचा ब्रश घेऊन माणसे उभी असतात आणि मुकादम येऊन दोघांना उचलून नेतो. बेंच म्हणजे वातानुकूलित मजूर नाका. फरक एवढाच की इथे उभे राहण्याचा पगार मिळतो, पण ठराविक दिवसांपुरताच. टीसीएसने जून २०२५ पासून नियम केला की प्रत्येकाने वर्षात किमान २२५ दिवस बिलेबल असले पाहिजे, म्हणजे बेंचवर जास्तीत जास्त ३५ दिवस. त्याच वर्षी जुलैत या कंपनीने सुमारे १२ हजार, म्हणजे दोन टक्के कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले, आणि त्यात मुख्यतः मधल्या व वरच्या पायरीची माणसे असतील असेही सांगितले. बेंचवरचा माणूस घरी सांगत नाही की आपण बेंचवर आहोत. तो रोज डबा घेऊन निघतो, कंपनीच्याच दुसऱ्या प्रकल्पाच्या मॅनेजरपुढे मुलाखती देतो. जावा शिकलेल्याला दुसऱ्याच तंत्रज्ञानावर घालतात, पुण्यात घर घेतलेल्याला चेन्नईला जा म्हणतात. नाही म्हटले की त्याची नोंद होते. आमच्या एका पक्षकाराला सहा महिन्यांचा अनुभव असताना ग्राहकापुढे तीन वर्षांचा अनुभवी म्हणून उभे केले गेले. बिल तीन वर्षांच्या अनुभवाचे निघाले, आणि काम अडले तेव्हा 'परफॉर्मन्स' मात्र त्या पोराचा कच्चा ठरला.

आता प्रत्यक्ष काम. बाहेरच्या माणसाला वाटते की आत बसून नवनवीन सॉफ्टवेअर घडवली जातात. तसे काम असते, पण सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. मोठा भाग 'सपोर्ट'चा असतो. परदेशातल्या एखाद्या विमा कंपनीची पंधरा-वीस वर्षांपूर्वीची संगणकप्रणाली चालू ठेवायची. ती कोणी लिहिली, कशी लिहिली, सांगणारे कोणी उरलेले नसते. तिकडे काही बिघडले की इकडे 'टिकेट' पडते, आणि किती मिनिटांत उत्तर द्यायचे हे करारात ठरलेले असते. रात्री दोनला फोन वाजला की उठायचे. न्यूयॉर्कला सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा झालेले असतात, तिकडच्या हिवाळ्यात साडेसात. म्हणजे मॅनेजरला सकाळी दहाला हजेरी हवी आणि ग्राहकाला रात्री दहाला माणूस हवा. एका दिवसात दोन दिवस मावतात, टाइमशीटवर मात्र बहुतेक ठिकाणी आठच तास लिहायचे, कारण ग्राहकाशी करार आठ तासांचा आहे. उरलेल्या तासांची किंमत शून्य.

इथे आम्हाला बाबासाहेबांची आठवण होणे स्वाभाविक आहे. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते त्यांच्याकडे होते, आणि १९४६ च्या दुरुस्तीने कारखान्यांतील कामाचे तास आठवड्याला ५४ वरून ४८ वर आले. आठवड्याला ४८ तासांची ही मर्यादा महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना अधिनियमातही आहे. तो आयटी कंपन्यांनाही लागू आहे आणि जादा कामाला दुप्पट वेतन द्यावे असे तो सांगतो. तरीही २०२३ साली नारायण मूर्तींसारखे उद्योगपती तरुणांना आठवड्याला ७० तास काम करण्याचा उपदेश करतात आणि त्यावर टाळ्या पडतात! जादा वेतनाबद्दल मात्र तेव्हा कोणी बोलले नाही.

मग कायदा असून आयटीतला माणूस जादा वेतन मागत का नाही? त्या कायद्यातच एक दार ठेवलेले आहे. गोपनीय, व्यवस्थापकीय किंवा पर्यवेक्षकीय स्वरूपाच्या पदावरील माणसाला तो लागू नाही. म्हणून की काय, आयटीत कामगार नावाचा प्राणी सापडतच नाही. जो तो असोसिएट, लीड, मॅनेजर, कन्सल्टंट! हाताखाली एकही माणूस नसलेले मॅनेजर आम्ही पाहिले आहेत. पगारवाढीऐवजी पदाचे नाव वाढवून दिले की माणूस खूश होतो आणि त्याच नावाखाली त्याचा हक्क झाकला जातो.

वास्तविक कायदा पदाच्या नावावर चालत नाही. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात कामगाराची जी व्याख्या होती, तिच्यात हाताने काम करणाऱ्याबरोबर कुशल आणि तांत्रिक काम करणाराही होता, आणि त्याला पगाराची मर्यादा नव्हती. पगाराची मर्यादा होती ती पर्यवेक्षकाला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा औद्योगिक संबंध संहितेने घेतली. तिच्यातही तांत्रिक काम करणारा कामगारच आहे, पर्यवेक्षकासाठी मर्यादा १८ हजारांची आहे. माणूस मुख्यतः काय काम करतो ते पाहा, पदाचे नाव पाहू नका, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ सालीच सिबा गायगी कंपनीच्या प्रकरणात सांगून ठेवले आहे. २०२२ मध्ये चेन्नईच्या कामगार न्यायालयाने २०१५ साली काढून टाकलेल्या एका आयटी कर्मचाऱ्याला पुन्हा कामावर घेण्याचा आदेश दिला. तो मॅनेजर होता, हा कंपनीचा बचाव न्यायालयाने मानला नाही. सात वर्षे लागली हे खरे, परंतु "आयटीवाले कायद्यात बसत नाहीत" हे तुणतुणे त्याने बंद करायला हवे होते.

आता ती तिसरी जात. तिला आयटीत नाव नाही, ती फक्त आडनावात असते. "तू मूळचा कुठला?", "अॅडमिशन कुठल्या कॅटेगरीतून?" असे प्रश्न चहाच्या यंत्रापाशी हसत हसत विचारले जातात. १४ एप्रिलला रजा मागताना आपली पोरे "घरी कार्यक्रम आहे" एवढेच सांगतात, हे त्यांनीच आम्हाला सांगितले आहे. घरच्या भिंतीवरचा फोटो ऑनलाइन बैठकीत दिसू नये म्हणून कॅमेऱ्याची दिशा बदलणारेही आहेत. आम्ही त्यांना दोष देत नाही. वर्षाचे मूल्यमापन एका माणसाच्या मर्जीवर असते, तेव्हा त्या माणसाला आपल्याविषयी काय कळू द्यायचे याचा हिशेब कोणीही करील.

आरक्षणाने इंजिनीअरिंगची जागा मिळते, शिष्यवृत्तीने शुल्क भरले जाते, आणि कॉलेजच्या फाटकाबाहेर ते दोन्ही संपते. कॅम्पसला येणाऱ्या अनेक कंपन्यांची अट असते की दहावी, बारावी आणि पदवी तिन्हीकडे साठ टक्के हवेत. जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेल्या, दहावीला अठ्ठावन्न टक्के पडलेल्या मुलाने पुढे कितीही मजल मारली तरी तो सभागृहाच्या दारातच अडतो. दुसरे दार 'रेफरल'चे. आत असलेल्याने आपल्या ओळखीच्याचे नाव सुचवायचे. ज्यांचे काका, मामा, शेजारी तीस वर्षांपासून आत आहेत त्यांना ओळखी आहेत. आपला मुलगा घराण्यातला पहिला. तिसरे दार अर्जाचे. त्याविषयी सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या आडनावांनी पाठवले गेले, तेव्हा दलित आडनावांना कमी बोलावणी आली. त्या अर्जांत गुणवत्ता सारखीच होती, हे मेरिटचे ढोल पिटणाऱ्यांनी लक्षात घ्यावे.

आत गेल्यावर परदेशी कोणाला पाठवायचे, ग्राहकापुढे कोण बोलणार, रात्रीच्या पाळीला कोण, हे कशावर ठरते? 'कम्युनिकेशन' आणि 'फिट' या दोन शब्दांवर. हे शब्द इतके ढगळ आहेत की त्यांत काहीही मावते. प्रत्येक मॅनेजर जातीयवादी असतो असे आमचे म्हणणे नाही. पुष्कळ पोरांना चांगले वरिष्ठ भेटले आहेत. पण गिरण्यांत अस्पृश्यांना जास्त मजुरीच्या विणखात्यात घेत नसत, तेव्हा निदान ते दार बंद आहे हे सर्वांना दिसत होते, आणि १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांना त्याकडे बोट दाखवून जाब विचारता आला. इथे बोट दाखवायचे कुठे? २००६ साली खासगी क्षेत्रातील आरक्षणाची चर्चा तापली तेव्हा उद्योगपतींनी कायदा नको, आम्ही स्वेच्छेने पावले उचलू, असे सांगितले. स्वेच्छेच्या कारभारात कोणत्या पायरीवर किती दलित-आदिवासी आहेत, हे जाहीर करण्याची सक्ती नाही. मोजायचेच नाही, मग भेदभाव सिद्ध कसा करायचा?

ही गोष्ट पहिल्यांदा न्यायालयाच्या दारात मोठ्या प्रमाणावर गाजली ती अमेरिकेत. कॅलिफोर्निया राज्याच्या रोजगारविषयक खात्याने २०२० साली सिस्को कंपनीविरुद्ध दावा लावला. एका दलित इंजिनीअरला दोन सवर्ण वरिष्ठांनी जातीवरून भेदभावाची वागणूक दिली, असा आरोप होता. कंपनीने तो नाकारला आणि २०२३ मध्ये त्या दोन व्यक्तींविरुद्धचा भाग खात्याने मागे घेतला. परंतु त्या दाव्याने जात विमानात बसून जाते हे जगाला कळले. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिएटल शहराने जातिभेदाला बंदी करणारा नियम केला.

आमच्या टेबलावर सर्वाधिक येणारी गोष्ट मात्र याहून साधी आहे. राजीनामा. कंपनी माणसाला काढत नाही, ती त्याला राजीनामा लिहायला लावते. आधी मूल्यमापनात खालची श्रेणी, मग 'पीआयपी' नावाची सुधारणेची मुदत, आणि एके दिवशी दुपारी एचआरच्या खोलीत बोलावणे. फोन बाहेर ठेवायला सांगतात. "लिहून दिलेस तर रिलीव्हिंग लेटर चांगले देऊ, नाहीतर टर्मिनेशन लिहू, पुढे कुठे नोकरी लागणार नाही." घराचा हप्ता, बहिणीचे लग्न, गावाकडच्या बापाचे औषध, सगळे त्या खोलीत डोळ्यापुढे येते आणि पोरगा सही करतो. ती सही झाली की कायद्याच्या दृष्टीने ती कपात उरत नाही, स्वेच्छेने दिलेला राजीनामा होतो. कपातीला महिन्याची नोटीस किंवा तिचा पगार लागतो, सेवेच्या प्रत्येक वर्षाला पंधरा दिवसांच्या वेतनाची भरपाई लागते. राजीनाम्याला काहीच लागत नाही. दबावाखाली सही घेतली हे नंतर सिद्ध करणे अशक्य नाही, पण त्या खोलीत साक्षीदार कंपनीचेच असतात. म्हणून सही न करता बाहेर यावे, आणि आत काय बोलणे झाले ते त्याच दिवशी एचआरला मेलने कळवावे. त्या मेलची, नेमणूकपत्राची, पगारपत्रकांची, मूल्यमापनाची प्रत आपल्याजवळ असावी. ग्राहकाची माहिती किंवा कंपनीचा कोड मात्र चुकूनही घरी आणू नये, तसे झाले तर खटला आपल्यावरच उलटतो.

बाँडचेही तसेच. मूळ प्रमाणपत्रे अडकवून ठेवण्याचा अधिकार मालकाला नाही, ती मागून घ्यावीत. बाँड सरसकट बेकायदा असतो ही समजूत मात्र सोडावी. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी बँकेचा तीन वर्षांच्या सेवेचा व दोन लाखांचा बाँड वैध ठरवला. सही करण्यापूर्वी तो वाचावा, नाहीतर वाचणाऱ्याला दाखवावा.

संघटना काढायलाही कायद्याची आडकाठी नाही. कर्नाटकात २०१७ पासून आयटी कर्मचाऱ्यांची नोंदणीकृत युनियन आहे, पुण्यातही आयटी कर्मचाऱ्यांच्या संघटना तक्रारी घेऊन कामगार खात्याकडे जातात. आपली पोरे त्यांत कमी दिसतात. युनियन म्हणजे बापाच्या खाकी गणवेशाची गोष्ट, असे त्यांना वाटते.

सध्या आमच्याकडे एका मुलीचे प्रकरण आहे. हिंगोली जिल्ह्यातून आलेली, घराण्यातली पहिली पदवीधर, सात वर्षे सॉफ्टवेअर टेस्टिंगचे काम. कंपनीचे नाव आम्ही लिहीत नाही. तिला दुपारी दोनला खोलीत बसवले आणि साडेपाचला बाहेर सोडले. ती एवढेच म्हणत राहिली, "मी लिहून देणार नाही, तुम्हाला काढायचे असेल तर तुम्ही लिहा." संध्याकाळी बसमधूनच तिने मेल पाठवला. बारा दिवसांनी कंपनीने सेवासमाप्तीचे पत्र दिले, भरपाईचा एक रुपयाही दिला नाही. आता कंपनीच्या लेखी म्हणण्यातला पहिलाच मुद्दा असा आहे की अर्जदार ही कामगार नसून सीनियर कन्सल्टंट आहे. तिने सात वर्षांत कोणत्या दिवशी कोणते काम केले, हे कंपनीच्याच संगणकात तासातासाने लिहिलेले आहे. त्या सर्व टाइमशीट कंपनीने हजर कराव्यात, असा अर्ज आम्ही दिला आहे. पुढच्या तारखेला त्यावर सुनावणी आहे.